पाच वीसची नोंद

बायको गेल्याचं त्याला डॉक्टरांनी सांगितलं नाही. गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला तो तिचा चष्मा घेऊन हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर आला, तर तिच्या पलंगाशी एक मावशी चादर ओढून काढत होत्या. उशीचा अभ्रा आधीच निघाला होता. त्याला वाटलं, हिला पुन्हा दुसऱ्या खोलीत हलवलं. दोन दिवसांत दोनदा हलवलं होतं, तेव्हा तसं वाटण्यात काही वावगं नव्हतं.

"कुठे नेलं हिला?" त्याने विचारलं.

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या चष्म्याच्या डबीकडे. चादर तशीच छातीशी धरून त्या म्हणाल्या, "बसा दादा. सिस्टर येतायत."

बसायला जागा होती, पण तो बसला नाही. एकतीस वर्षं त्याने शहराच्या पाण्याच्या पंपांवर काढली होती. पंप बंद पडतो तेव्हा मोटारीचा आवाज थांबायच्या आधी फरशीची थरथर थांबते. कानाच्या आधी ते पायांना कळतं. तसंच झालं. हॉस्पिटलचा फोन येऊन गेला होता, तो बसमध्ये असताना खिशातच वाजून थांबला होता, हे त्याने नंतर पाहिलं. चष्मा आणायला त्याला आदल्या दिवशी सिस्टरनीच सांगितलं होतं. "डोळे उघडतायत, पण कुणाला तरी शोधल्यासारखं करतायत. चष्मा लागतो का त्यांना?" लागतो तर! चष्म्याशिवाय तिला नवरा आणि कपाट सारखेच दिसायचे, असं तीच म्हणायची.

ती डबी त्याने परत घरी आणली. तिथून पुढे सहा आठवडे ती टेबलावरच होती.

झालं होतं ते मंगळवारी. त्याची पहिली पाळी, सहा ते दोन. पाच वीसला घरातून निघायचं. इतक्या वर्षांत त्याचा एक नेम होता. सकाळी खोलीतला दिवा लावायचा नाही, तिची झोप मोडायची नाही. कपडे आदल्या दिवशीच बाहेरच्या खोलीत काढून ठेवायचे, बूट दाराबाहेर जिन्यात घालायचे. निघताना फक्त खोलीच्या दाराशी उभं राहून अंधारात म्हणायचं, "येतो गं." आतून पांघरुणातून आवाज यायचा, "हं." तो ऐकला की जायचं.

गंमत अशी की तिला हे कधीच मान्य नव्हतं.

"मी काही म्हणत नाही," ती म्हणायची. "मी गाढ झोपेत असते."

"रोज म्हणतेस."

"मग ती दुसरी कुणी असेल. एकदा दिवा लावून नीट बघून घ्या."

"बघेन हो. सापडली तर ठेवून घेईन. निदान भांडणार तरी नाही."

"ठेवा. सकाळची भांडी तिलाच सांगा."

हे भांडण महिन्यातून एकदा तरी व्हायचं आणि दोघांनाही ते आवडायचं.

त्या मंगळवारी साडेआठला चहाच्या सुट्टीत त्याने रोजच्यासारखा घरी फोन केला. ती उचलेना. तीनदा केला. मग खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या वहिनींना केला, त्यांच्याकडे किल्ली असायची. वहिनी वर गेल्या. बायको पलंग आणि कपाटाच्या मधे जमिनीवर पडली होती. तोंड एका बाजूला ओघळलं होतं, उजवा हात आणि पाय निर्जीव, डोळे उघडे, शब्द नाही. अ‍ॅम्ब्युलन्स आणि तो, दोघे हॉस्पिटलच्या दारात एकाच वेळी पोचले.

मेंदूचा फोटो काढायला तिला आत नेलं आणि एक तरुण डॉक्टरीण धावतच त्याच्याकडे आली. तिच्या हातात कागद नव्हता, तळहातावरच पेन टेकवलेलं होतं.

"काका, त्यांना शेवटचं ठीक कधी पाहिलंत?"

"आज सकाळी. पाच वीस."

"नक्की?"

"पाच वीसला निघतो मी. बोलली ना माझ्याशी."

डॉक्टरणीने तळहातावर पाच वीस लिहिलं. मग भरभर सांगितलं. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं औषध आहे, पण ते साडेचार तासांच्या आत द्यायचं. उशीर झाला तर मेंदूचा तो भाग मऊ पडलेला असतो आणि त्यात रक्तस्राव होण्याची भीती फार. म्हणजे नऊ पन्नासपर्यंत वेळ होती. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

मग एक सिस्टर आली. तिच्या अंगात बाकीच्यांसारखा पांढरा नाही, निळा कोट होता. हॉस्पिटलात एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, असं तिने सांगितलं. नेहमीचं औषध सगळ्यांनाच देतात. त्याच्या जोडीला निम्म्या लोकांना नवीन औषध आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. सारख्याच पेट्या, वर फक्त आकडा. "कुठल्या पेटीत काय आहे ते मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. नाही म्हणालात तरी उपचारात काही कमी होणार नाही, काका."

"चांगलं होण्याची शक्यता आहे ना?"

"तेच तर पाहायचंय आम्हाला."

ते उत्तर त्याला आवडलं. त्याने सही केली. पेटी क्रमांक एकशे सतरा. नऊ चाळीसला सुई टोचली. दहा मिनिटं शिल्लक होती. बाकावर बसल्यावर त्याला, आता सांगायला लाज वाटते, पण थोडा अभिमानच वाटला होता. विचारल्याबरोबर आकडा सांगितला. घुटमळलो नाही.

बुधवारी दुपारी तिने उजव्या हाताची दोन बोटं हलवली. गुरुवारी पहाटे मेंदूत रक्तस्राव झाला.

पंधराव्या दिवशी तो कामावर परत गेला. मुलगी तेरा दिवस येऊन राहिली होती, तिला तिच्या गावी, तिच्या लेकरांकडे परत जाणं भाग होतं. घरात पहिल्यांदा एकटा. कपडे बाहेरच्या खोलीत काढून ठेवले होते. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं, आता कुणाची झोप मोडणार होती? दिवा लावला नाही. निघताना पाय आपसूक खोलीच्या दाराशी थांबले आणि तोंडून निघालं, "येतो गं."

"हं," आतून आवाज आला.

अगदी तसाच. पांघरुणातून, नाकातून अर्धा, तक्रार नाही आणि कौतुकही नाही. तो कितीतरी वेळ तिथेच उभा राहिला. त्या दिवशी त्याची बस चुकली.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलगी धावत आली असती आणि डॉक्टरकडे घेऊन गेली असती. पण तो महिना त्याने त्या एका आवाजावर काढला. दिवसभरात बोलायला कुणी नव्हतं. सकाळी मात्र पाच वीसला ती होती. सुट्टीच्या दिवशीही तो पाच वीसला कपडे करून दाराशी उभा राहायचा, "येतो गं" म्हणायचा, आवाज ऐकायचा आणि जिन्यात बूट घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचा. शिवणाऱ्या वहिनी एकदा म्हणाल्या, "भावजी, फिरायला लागलात, चांगलं केलंत." तो म्हणाला, "हो, डॉक्टरांनी सांगितलंय."

मग निळ्या कोटवाल्या सिस्टरचा फोन आला.

"काका, त्रास देते. चाचणीचे कागद तपासायला बाहेरून माणसं येतात. त्यांना एक फरक सापडलाय. अ‍ॅम्ब्युलन्सच्या कागदावर लिहिलंय, 'शेवटचं ठीक पाहिलं, आदल्या संध्याकाळी, शेजारीण.' आमच्याकडे पाच वीस आहे. तुम्ही सांगितलेलं."

"वहिनींनी तिला संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढताना पाहिलं असेल. सकाळी मी होतो."

"तेच विचारायचंय. पाच वीसला तुम्ही त्यांना पाहिलंत की बोलणं ऐकलंत?"

"ऐकलं. मी येतो म्हटलं, ती हं म्हणाली."

"चालेल. ऐकलेलंही चालतं, नीट बोलल्या असतील तर. तसं तुमच्या हाताने लिहून द्या. शुक्रवारी येता?"

येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी उभा राहिला.

"येतो गं."

"हं."

जिन्यात एक बूट घालून झाला होता, दुसरा हातात होता, आणि तो तिथेच पायरीवर बसला. आत कुणी नाही. खोलीत कुणी नाही, पलंगावर कुणी नाही, आणि तरी आवाज आला. महिनाभर रोज आला. मग त्या मंगळवारी जो आला, तो कुणाचा होता?

त्या दिवशी पंपघरात त्याचं कशात लक्ष नव्हतं. दर तासाला सहा पंपांचा दाब बघून वहीत लिहायचा, हे तिथलं काम. भिंतीवर तेलरंगात त्याच्याच हातचं वाक्य होतं: 'पाहिलं नाही तर लिहू नका.' अकरा वर्षांपूर्वीचं. त्या वेळी तिसऱ्या पंपाच्या दाबाचा काटा तुटून शून्यावर पडला होता आणि लांब्याने, म्हणजे त्याच्या पाळीतल्या जोडीदाराने, अख्खी पाळी दर तासाला सव्वातीन लिहिलं होतं. तो काटा वर्षानुवर्षं सव्वातीनवरच असायचा. चढावरच्या वस्तीला दिवसभर पाणी गेलं नाही. लांब्याला जागेवरून न हलता आकडे ठोकणारा खोटारडा म्हणून सगळ्यांसमोर झापलं होतं ते यानेच. लांब्या तेव्हा एकच सांगत राहिला होता, "अरे, मी उठून बघितलं. मला सव्वातीनच दिसलं."

चहाच्या वेळी त्याने विचारलं, "लांब्या, तेव्हा तिसऱ्या पंपावर तुला खरंच सव्वातीन दिसलं होतं?"

लांब्याने कप खाली ठेवला. "अकरा वर्षांनी चौकशी लावतोस होय?"

"सांग ना."

"दिसलं होतं रे. पोराची शपथ घेतली असती, पण तू ऐकायला कुठे तयार होतास? डोळ्यासमोर काटा होता. आठ वेळा बघितला, आठही वेळा सव्वातीन. नंतर मला तो तुटलेला काटा दाखवला तेव्हा मीच गार पडलो. घरी जाऊन बायकोला विचारलं, मला चष्मा लागलाय का बघ."

"मी तुला खोटारडा म्हटलं."

"नुसतं म्हटलं नाहीस, भिंतीवर रंगवलंस. पोरंबाळं घेऊन नातेवाईक बघायला येतील इतक्या मोठ्या अक्षरात." लांब्या हसला. समोरचा हसला नाही म्हणून थांबला. "काय झालं?"

त्याने सगळं सांगितलं. पाच वीस, 'हं', एकशे सतरा नंबरची पेटी. महिनाभर येणारा आवाजसुद्धा सांगितला, जो मुलीलाही सांगितला नव्हता. लांब्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "म्हणाली असेल रे. त्या दिवशी खरंच म्हणाली असेल. काटा रोज खोटा नसतो."

"असेल. पण मी बघितलं नाही. दिवा लावायला हात वर करायचा होता फक्त."

संध्याकाळी मुलीला फोन करून पाच वीसची शंका सांगितली. ती चिडली.

"बाबा, तुम्ही म्हणालात आई बोलली, म्हणजे बोलली. सही करून टाका. आता कशाला उकरून काढताय?"

"मी तशी सही करायची आणि ती चूक असेल तर? तिला औषध उशिरा दिलं गेलं असेल, म्हणून रक्तस्राव झाला असेल, आणि ते नव्या औषधाच्या माथी बसेल. उद्या दुसऱ्या कुणाच्या बायकोला ते मिळायला हवं असेल आणि माझ्या सहीमुळे मिळालं नाही तर?"

"आणि तुम्ही आयुष्यभर स्वतःच्या माथी घेऊन बसणार, त्याचं काय?"

तो म्हणाला, "तुझी आई म्हणायची, मी झोपेत काही बोलतच नाही."

"आई काय काहीही म्हणायची. आई म्हणायची, मी घोरत नाही."

दोघेही हसले. कितीतरी दिवसांनी. "घोरायची ना?" मुलगी म्हणाली. "खालच्या वहिनींचं मशीन आणि आई, दोन्ही एकदम सुरू झालं की कोण कुठलं कळायचं नाही." मग ती रडायला लागली आणि तोही फोन कानाला धरून बसून राहिला.

शुक्रवारी तो गेला. सिस्टरची खोली एवढीशी होती, दोन खुर्च्या, छतापर्यंत फायली आणि कोपऱ्यात कुलूपबंद फ्रिज. फ्रिजमध्ये पेट्या होत्या. त्याने सगळं सांगितलं. सिस्टरने मधे एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्याने आधी हे विचारलं, "आता तिला चाचणीतून काढणार का?"

"नाही काका. एकदा पेटी उघडली की तो माणूस शेवटपर्यंत मोजायचा. वेळ चुकली म्हणून काढत नाही, गेला म्हणूनही नाही. असं सोयीने काढायला लागलो तर औषध चांगलं दिसेल, पण खरं दिसणार नाही. त्यांच्या नावापुढे फक्त वेळेबद्दल खरं काय ते लिहिलेलं राहील."

"एकशे सतरामध्ये काय होतं?"

"शेवटचा रुग्ण होईपर्यंत ते कुणालाच कळणार नाही. अजून दोनशे जण बाकी आहेत."

"माझ्या पाच वीसमुळे..." एवढंच बोलून तो थांबला.

सिस्टरने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "रक्तस्राव वेळेत औषध दिलेल्यांनाही होतो, काही जणांना. काकूंच्या मेंदूच्या फोटोत जुनं नुकसान दिसत नव्हतं, म्हणून डॉक्टर पुढे गेल्या. पण फोटोवरून वेळ ठरत नाही. तुमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, काका. आणि तुमच्यामुळे झालं नाही, असंही मला लिहून देता येणार नाही."

इतक्या आठवड्यांत त्याच्याशी कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. त्याला बरं वाटलं नाही, पण पाय जमिनीला लागले.

तिने एक कोरा कागद पुढे केला. "तुमच्या शब्दांत लिहा. पाहिलं, ऐकलं किंवा सांगता येत नाही, तिन्ही चालतं. घरी नेलंत तरी हरकत नाही. सोमवारी महिनाअखेर आहे, त्या दिवशी मला फाइल बंद करायची आहे."

कागद घरी आला. चष्म्याच्या डबीशेजारी ठेवून शनिवारी सकाळी तो लिहायला बसला. वर तारीख लिहिली. नातं: पती. मग लिहिलं, 'मंगळवारी पहाटे पाच वीसला मी घरातून निघालो. खोलीत दिवा लावला नव्हता. मी माझ्या पत्नीला पाहिलं नाही.' हे लिहायला त्याला काही त्रास झाला नाही. पाहिलं नव्हतं ते पाहिलं नाही असं लिहिलं, एकतीस वर्षांचा हात होता. खाली सही करून ठेवली. मधे दोन ओळींची जागा सोडली. पहिल्या ओळीत लिहिलं, 'मी दारातून येतो गं म्हणालो.'

पेन तिथेच थांबलं.

रविवारी सुट्टी होती. पाच वीसला तो कपडे करून खोलीच्या दाराशी गेला आणि लग्नानंतर पहिल्यांदा, निघायच्या वेळी त्याने दिवा लावला. पलंग दिसला. त्याच्या बाजूची चादर चुरगळलेली होती, तिच्या बाजूची घडी घातल्यासारखी सपाट. कपाटाच्या दाराला तिचा निळा स्वेटर लटकत होता.

"येतो गं," तो म्हणाला.

काही आवाज आला नाही. वर दिव्याची नळी बारीक गुणगुणत होती तेवढीच. तो मोजून पाच मिनिटं उभा राहिला. स्वेटर पाहिला, पलंग पाहिला, तिची उशी पाहिली. मग दिवा बंद केला. डोळ्यांना अंधार नीट लागेपर्यंत थांबला.

"येतो गं."

"हं."

तो जिन्यात आला. बूट घातले नाहीत. हातात धरून बसला, खाली वहिनींच्या घरात नळाचं पाणी सुरू होईपर्यंत. ते पाणी आज लांब्याने सोडलं होतं. दाब चांगला होता, आवाजावरून कळत होतं.

उद्या सोमवार. सिस्टर नऊला येते. कागदावर तारीख आहे, नातं आहे, त्याने दिवा लावला नव्हता हे आहे, त्याने तिला पाहिलं नाही हे आहे, खाली सही आहे. त्याने 'येतो गं' म्हटल्यावर काय झालं, ती एक ओळ अजून लिहायची राहिली आहे.